आमची टॉकीज : पडदा मोठा, उजेड कमी

थिएटरचे नाव मी लिहीत नाही आणि त्यावाचून कुणाचे अडणारही नाही. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या आमच्या गावात ते नाव आता फक्त लायसन्सवर आणि तिकिटावर उरले आहे; एरवी लहानथोर सगळे तिला टॉकीजच म्हणतात, आणि रिक्षावालाही ‘टॉकीजला सोड’ म्हटल्यावर पुढे काही विचारत नाही. मध्यंतरी लागोपाठ दोन रविवार मी तिथे जाऊन आलो, एकदा बाल्कनीत आणि एकदा खाली, एकदा मराठी चित्रपटाला आणि एकदा कन्नड. या टॉकीजमध्ये मी वयाच्या पाचव्या वर्षापासून जातो आहे, तेव्हा माझे मत अगदी निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मात्र जे खटकले ते गिळून टाकण्याइतका मी भाबडाही राहिलेलो नाही.

पहिल्या रविवारी मराठी चित्रपट होता, दुपारी साडेबाराचा खेळ. बाल्कनीचे तिकीट १०० रुपये, खालचे ७०. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण आमच्या खिडकीवरचा दर आधी होता तोच राहिला आहे. खिडकीतल्या मुलाला मी त्याविषयी विचारले, तेव्हा त्याने काही न बोलता क्यूआर कोडकडे बोट दाखवले. बाल्कनीत आम्ही मोजून चौदा माणसे होतो. चित्रपट सुरू झाला आणि पहिल्याच प्रसंगात मला वाटले, की नदीकाठची पहाट दाखवत आहेत. दहा मिनिटांनी संवादातून कळले, की ती भर दुपार होती. पुढे खरोखरचा रात्रीचा प्रसंग आला, तेव्हा कोण कोणाच्या मागे लागले आहे हे आवाजावरून ठरवावे लागले, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी नातवाला “लाईट गेली काय रे?” असे विचारलेही.

इंटरव्हलला मी मॅनेजरना गाठले. ते जुन्या ओळखीचे आहेत. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग सांगितले, की प्रोजेक्टरच्या दिव्याचे तास भरत आले आहेत, नवा दिवा सांगितला आहे, आठवडाभरात बसेल. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम पुन्हा गेलो, तर दिवा तोच होता, आणि चहाही तितकाच चांगला होता.

दिव्याचे तास भरणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे आहे तसल्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये झेनॉन वायू भरलेला दिवा असतो आणि त्याचे आयुष्य महिन्या-वर्षांत न मोजता जळण्याच्या तासांत मोजतात. तास भरत आले, की दिव्याची काच आतून काळवंडू लागते. दिवा जळत राहतो, विजेचे बिलही येत राहते, फक्त पडद्यावर पडणारा उजेड उतरत जातो. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे पडद्याचा उजेड मोजण्याचे माप) इतका उजेड पडावा, असा या धंद्यातला सर्वमान्य दंडक आहे, आणि चित्रपट करणाऱ्यांनी त्यातले रंग आणि सावल्या तेवढा उजेड धरूनच ठरवलेल्या असतात. दिवा महाग आहे, प्रेक्षक चौदा आहेत, तेव्हा शेवटच्या तासापर्यंत तो ओढण्याचा मोह मालकाला होतो हे मी समजू शकतो. मला जे समजले नाही ते निराळेच होते. मी मॅनेजरना विचारले, की उजेड उतरला आहे हे वरच्या माणसाने तुम्हाला सांगितले नाही का? ते म्हणाले, “वर कोण नसतंय ओ, सर. सगळं टायमाला आपोआप चालू होतंय.”

वर कोणी नसते, हे वाक्य या टॉकीजच्या बाबतीत ऐकेन असे मला कधी वाटले नव्हते. कारण आमच्या लहानपणी मालक कोण आहे हे गावातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हते, पण वर ऑपरेटर मामा आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्या केबिनला लोखंडी दार होते, आणि पडद्याकडच्या जाड भिंतीत प्रत्येक मशीनपुढे दोन चौकोनी भोके होती, एक मशीनसाठी आणि एक डोळ्यासाठी. मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर बसवलेल्या असत आणि त्यांच्या टोकांमध्ये पेटलेल्या प्रखर ज्योतीच्या उजेडात चित्र पडद्यावर जाई. जळता जळता कांड्या झिजत, मधले अंतर वाढे आणि उजेड पिवळा पडत जाई. म्हणून काळ्या काचेतून ज्योतीवर नजर ठेवून मूठ फिरवत कांड्या एकमेकींच्या जवळ आणाव्या लागत. मामांची मूठ एखाद्या वेळी चुकली, तर खालच्या स्वस्त बाकांवरून शिट्ट्या आणि पाठोपाठ “मामा, कार्बन!” अशी आरोळी उठे. तंबाखूच्या वखारीत दिवसभर खोकून आलेल्या हमालालाही पडदा अंधारला तर तो कशाने, हे बरोबर माहीत होते. परवा आजींखेरीज कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आम्ही चौदा जण पैसे मोजून अंधुक चित्र निमूट पाहत बसलो, याचे मला दिव्यापेक्षाही जास्त वाईट वाटले.

उरलेली कार्बनची थोटके आम्हा पोरांच्या वाट्याला येत. त्यांच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असे, तो नखाने सोलून काढायचा आणि आतल्या काळ्या कांडीने शाळेच्या भिंतीवर क्रिकेटचे स्टंप काढायचे, हा उद्योग वर्षानुवर्षे चालला होता. मास्तरांनी एकदा त्यापायी मामांकडे तक्रार नेली, आणि परतताना खिशात तीन थोटके घेऊन आले.

चित्रपट म्हणजे किती लांब वस्तू असते, हेही मला त्याच केबिनमध्ये कळले. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे जावी लागतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म मशीनमधून पळते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त फिल्म लागते. गावच्या वेशीपासून नदीपर्यंत जाऊन परत यावे इतकी. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. पहिल्या मशीनवरचे रीळ संपत आले, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला, की मामा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करत. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला, की एक झडप पाडून दुसरी उघडत. पडद्यावर काहीच घडलेले नसे आणि मामांच्या कपाळावर मात्र घाम असे. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या चित्रपटात तोच गोल ठिपका ताणला जाऊन आडव्या अंड्यासारखा दिसतो. मी सातवीत असताना त्यांनी मला तो दाखवला आणि माझे कायमचे नुकसान केले; त्यानंतर नायक आईच्या मांडीवर प्राण सोडत असला तरी माझी नजर उजव्या कोपऱ्यात लागलेली असे.

निरोप देण्याची सोयही वरूनच होती. काचेच्या चौकोनी तुकड्यावर काजळी धरायची, टाचणीने त्यावर अक्षरे कोरायची आणि ती काच दिव्यापुढे सरकवायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत. डॉक्टरांना बोलावणे, वाटेत लावलेली मोटार हलवणे, हरवलेल्या पोराच्या आईला दारापाशी बोलावणे, सगळे याच मार्गाने होई. माझे वडील वखारीत दिवाणजी होते. धाकट्या बहिणीच्या जन्माची वार्ता त्यांना सेकंड शोच्या ऐन मध्यात या पडद्यावर कळली. दिव्यापुढे काच उलटी धरली तरच अक्षरे सुलटी दिसतात, आणि मामांनी घाईत ती सुलटी धरली होती. त्यामुळे ‘दिवाणजी, घरी या’ हा निरोप वाचायला अख्ख्या टॉकीजने माना वाकड्या केल्या, आणि वडिलांच्या आधी शेजारच्यांनीच त्यांना उठवून उभे केले.

पक्क्या भिंतींची टॉकीज होण्याआधी या भागात चित्रपट तंबूतून येत असे. माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा भरली, की पाळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या पलीकडे तंबू उभा राही. मधोमध कनात लावून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष जमिनीवर बसत. मशीन एकच असल्यामुळे दर रिळाला थांबावे लागे आणि तेवढ्यात शेंगदाणेवाला फेरी मारून घेई. हे सगळे मी आजोबांकडून ऐकलेले. कोल्हापूर आम्हाला हाकेच्या अंतरावर, आणि कोल्हापूर म्हणजे त्या काळी चित्रपटांचे माहेर. प्रभात कंपनी १९२९ मध्ये तिथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. कन्नड मंडळींना मी आवर्जून सांगतो, आणि त्यांनाही ते ऐकायला आवडते, की १९३४ चा पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्याच छत्रपती स्टुडिओत चित्रित झाला. सीमेवरून पुढे जी काही भांडणे झाली, त्यांत या गोष्टीची आठवण फारशी कुणी काढली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण चित्रपट वितरकांच्या नकाशात तो जागचा हलला नाही. जुन्या मुंबई इलाख्यातले बेळगाव-धारवाडकडचे जिल्हे त्यांच्या हिशेबी ‘बॉम्बे सर्किट’ या वितरणाच्या विभागातच मोडत राहिले. त्यामुळे हिंदी चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या एका वाटेने येत आणि कन्नडच्या दुसऱ्या, आणि मॅनेजरला दोन्ही वाटांवर डोळे लावून बसावे लागे. खरी अडचण कराची होती. जीएसटी येईपर्यंत करमणूक कर राज्याच्या हाती होता. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला माफी मिळे आणि कर्नाटकात कन्नडला. म्हणजे कोल्हापुरात करमाफीत चालणारा मराठी चित्रपट तासाभराच्या वाटेवर आमच्याकडे आला, की परभाषक ठरून कर भरू लागे. मालकाने मराठी चित्रपटाला नेहमी दुपारचाच खेळ का दिला, याबद्दल गावात तावातावाने भाषणे झालेली मी ऐकली आहेत. त्यातला काही भाग भाषेचा असेलही, पण बराचसा भाग वहीतल्या बेरजेचा होता. १ जुलै २०१७ पासून कर दोन्हीकडे सारखा झाला. मराठीचा खेळ मात्र अजून साडेबारालाच आहे. सवय मोडत नाही म्हणावे, की संध्याकाळी मराठी चित्रपटाला माणसे येतील असा मालकाला भरवसा नाही म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो, कारण दुसऱ्या रविवारी संध्याकाळच्या कन्नड चित्रपटाला खालचा भाग निम्म्याहून अधिक भरला होता, आणि त्यात मराठी घरांतले तरुण चेहरे मला पुष्कळ दिसले.

डिजिटलबद्दल तक्रार करताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी आमच्याकडे चित्रपट यायचा तो मोठ्या गावांत चालून, दमून, अंगभर ओरखडे घेऊन. पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारख्या उभ्या रेघा असत, आणि गाण्याचे एखादे कडवे आधीच्या गावातच राहून गेलेले असे. कधी एकच प्रिंट दोन गावांत चालवली जाई, आणि मग रिळांची पिशवी घेऊन निघालेल्या मोटारसायकलवाल्याचा टायर फुटला, की इंटरव्हल पाऊण तासाची होई. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट थिएटरात उतरवण्याची पद्धत देशात रुजू लागली. काही वर्षांनी आमच्याकडेही पेट्या बंद झाल्या आणि मुंबईत शुक्रवारी लागलेला चित्रपट त्याच शुक्रवारी आमच्या गावात लागू लागला. रेघ नाही, तुटणे नाही, हरवलेले कडवे नाही. हा लाभ लहान नाही, आणि ज्यांनी पावसातले चित्रपट पाहिले आहेत त्यांनी तो नाकारू नये. त्यानंतर मात्र मामांच्या हाताला काम उरले नाही. काही दिवस ते दारावर तिकिटे फाडत होते आणि मग त्यांनी येणे सोडले.

आता बाकीच्या गोष्टी. आवाज उत्तम आहे, आणि हे मी मुलाहिजा म्हणून लिहीत नाही. पडद्यामागचे आणि भिंतींवरचे स्पीकर नवे आहेत आणि संवाद शेवटच्या रांगेतही शब्द न् शब्द कळतात. बाल्कनीतल्या खुर्च्यांना नवे रेक्झिन लावले आहे; खाली लाकडी पाठीच्या जुन्याच खुर्च्या आहेत, पण त्या ढिल्या नाहीत. बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगांत बसू नये, कठड्याची लोखंडी नळी पडद्याच्या खालच्या कडेला आडवी येते. तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची सर्वांत चांगली. प्रेक्षागृहात पंखे आहेत आणि उन्हाळ्यात ते पुरत नाहीत. टॉकीजमध्ये एसी एकच आहे आणि तो केबिनमध्ये, मशीनसाठी आहे. पुरुषांचे स्वच्छतागृह बरे होते. बायकांच्या बाजूचा दिवा गेलेला आहे, असे सौभाग्यवतींनी सांगितले, म्हणजे दिव्यांची हेळसांड एका जागी थांबलेली नाही. इंटरव्हलला मिळणारी मिरची भजी गरम होती आणि चुरमुरे ताजे होते. डोअरकीपर नवा आहे, मुलगा चुणचुणीत आहे; पहिल्या रविवारी त्याने मला “या काका, बसा” म्हणून आत घेतले आणि दुसऱ्या रविवारी, चित्रपट कन्नड म्हणून असेल, “बर्री काका, कुंदर्री” म्हणाला.

त्या दुसऱ्या रविवारी खेळ अर्ध्यावर आलेला असताना मी मॅनेजरना म्हटले, की मला एकदा वर जाऊ द्या. त्यांनी किल्ली काढली आणि स्वतःही सोबत आले. केबिनमध्ये स्वेटर घालावा इतका गारठा होता. मधोमध करड्या रंगाचे मशीन एका लयीत घुमत होते, आणि कोपऱ्यात मामांच्या दोन मशीनपैकी एक गोणपाटाखाली उभे होते. दुसरे भंगारात गेले. भिंतीतले मशीनसाठीचे भोक काच लावून चालू ठेवले आहे. डोळ्यासाठीचे भोक कुठे दिसेना, म्हणून मी भिंतीवरून हात फिरवला, तेव्हा चुन्याच्या थराखाली पुठ्ठा हाताला लागला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून तो बसवला होता, असे मॅनेजर म्हणाले. मी नख घालून तो ओढून काढला आणि खाली पाहिले. मग बाजूला होऊन त्यांना पाहायला सांगितले. ते भिंतीला कपाळ टेकवून बराच वेळ वाकून उभे राहिले. खाली गाणे चालू होते, ते संपले, पुढचा प्रसंग सुरू झाला, तरी ते काही बोलेनात. शेवटी मान बाहेर काढून म्हणाले, “काळंच दिसालंय की ओ.” आणि हवा जाते आहे हे लक्षात येताच त्यांनी पुठ्ठा उचलून तळहाताने परत जागच्या जागी दाबून बसवला.